आखूड मैदानावरची साखळी

माझ्या मागच्या काठीपासून निम्म्या अंतरापर्यंतच्या कड्या चकचकीत आहेत आणि पुढच्या निम्म्या काळपट. पहिल्यांदाच मला हातात घेणाऱ्याला वाटते, कोणीतरी अर्धीच साखळी घासून ठेवली आहे. तसे नाही. मला मैदानाच्या कडेला अंथरले की माझ्या मागच्या भागाखालून एक पांढरी रेषा जाते. ती जिथून जाते त्या कडीला एक पितळी चिमटा लावतात, म्हणजे मला उचलून आत नेल्यावर पुन्हा नेमके तिथेच ठेवता येते. रेषा दर वेळी वेगळ्या कडीखाली येते, म्हणून चिमटाही कधी या कडीला, कधी त्या. इतक्या वर्षांत त्या चिमट्याने आणि तो लावणाऱ्या अंगठ्याने माझ्या अर्ध्या अंगावर गंज धरू दिला नाही.

मित्रांनो, मी गळ्यात घालायची साखळी नव्हे आणि गोठ्यातलीही नव्हे. मी मोजायची साखळी आहे. माझ्या दोन टोकांना खांद्याइतक्या उंच दोन नारिंगी काठ्या आणि त्यांच्या मधे मी, बरोबर दहा यार्ड. एल्डर फेरी गावच्या कॉलेजात 'नावाडी' नावाचा फुटबॉल संघ आहे. हा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत दाबून धावण्याचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाही तर समोरच्यांकडे जातो. गेले की नाही, हे डोळ्यांना ठरवता येईना की पंच मला आत बोलावतात.

मला थर्मन क्विलेन यांनी घडवले. नदीवरचे तराफे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात ते लोहार होते. माझ्याआधी कॉलेजकडे एक दोरी होती. ती पावसात आखडायची, उन्हात सैल पडायची. शेजारच्या कॅलोवे कॉलेजचे लोक म्हणायचे, एल्डर फेरीत दहा यार्ड किती, ते आभाळाकडे बघून ठरवतात. हे थर्मनना फार झोंबले. त्यांनी माझी एकेक कडी वाकवली, जोडली, आणि जमीन मोजणाऱ्यांकडून थंडी-उन्हात न बदलणारी खास फीत आणून तिच्या शेजारी मला अंथरले. एकदा भर थंडीत मोजले, पुन्हा उन्हाळ्यात मोजले. उन्हाळ्यात मी तिळाएवढी जास्त भरले.

"लोखंड आहे. उन्हात थोडं अंग पसरणारच," ते आपल्या मुलीला म्हणाले. "पण सामने पानगळीत असतात. तेव्हा ही खरं बोलेल."

ती मुलगी म्हणजे अर्डिस. त्या दिवशी माझे दुसरे टोक तिनेच धरले होते. पुढे ती औषधशास्त्र शिकली, गावात औषधांचे दुकान चालवू लागली, आणि वडिलांनंतर मला धरणाऱ्या साखळीवाल्यांची मुख्य झाली. चिमटा लावणारा अंगठा तिचा. मागची काठी डेल्मारकडे असते. तो टपाल वाटतो आणि पत्राबरोबर आपले मतही घरोघर पोचवतो. पुढची काठी रोझॅनकडे. तिचे केस कापायचे दुकान आहे, आणि डेल्मारचे मत तिथे येईपर्यंत तिचे तयार असते.

साखळीवाल्यांना एक कडक नियम आहे. ते सगळे त्याच गावचे, जन्माचे नावाडी. पण एकदा पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट अंगात घातले की टाळी वाजवायची नाही, ओरडायचे नाही, तोंड वाकडे करायचे नाही. थर्मन म्हणायचे, काठी धरली की तुम्ही कोणाचेच नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. सामना संपला की तिघे मला घेऊन साहित्याच्या शेडमध्ये जायचे, दार लावून घ्यायचे, आणि मग सगळ्या दुपारचे साठलेले ओरडणे तिथे ओरडायचे. नावाडी जिंकले असोत वा हरले असोत. शांत अर्डिसचा आवाज त्यात सर्वांत मोठा असायचा. बाहेर उभे असलेले लोक हसायचे आणि म्हणायचे, झाले, साखळीवाले आता माणसांत आले.

ते मैदान नदीकाठी आहे. एका बाजूला लाकडी स्टँड होते, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार. लोक उतारावर घोंगड्या अंथरून बसायचे. मला आत नेले की सारा उतार गप्प व्हायचा. तशी शांतता गावात एरवी फक्त रविवारी प्रार्थनेत असायची, आणि पाद्रीबाबांच्या मते तेव्हाही नसायची. माझी पुढची काठी रोवली जायची, पंच वाकून बघायचे, आणि ते जे सांगतील ते लोक मानायचे. कॅलोवेचे लोकसुद्धा मानायचे. मित्रांनो, आयुष्यात यापेक्षा मोठी शाबासकी मला माहीत नाही.

मग लाकडी स्टँड कुजले. तपासणीवाल्यांनी ते बंद केले, ते उतरवले गेले, आणि त्यांच्या फळ्या शेडच्या भिंतीला रचून ठेवल्या. कॉलेजने सांगितले, एकच हंगाम घरचे सामने नदीपलीकडच्या शहरात, बेसबॉलच्या स्टेडियममध्ये होतील. एक हंगाम गेला, दुसरा गेला. हा तिसरा.

लाकडी बाहुल्या पाडायच्या खेळातला, बोलिंगचा, जड चेंडू ठेवायच्या एका जुन्या पिशवीत घालून मला तिकडे नेतात. तिथे माझे काय हाल होतात ते सांगते. तिथल्या खुर्च्या बेसबॉलच्या फलंदाजाकडे तोंड करून बसवलेल्या आहेत, आमच्याकडे नाही. दोन्ही संघ एकाच बाजूला उभे राहतात, कारण दुसऱ्या बाजूला जागाच नाही. अर्धे मैदान हिरवळ आणि अर्धी लाल माती. त्या मातीत खेळाडू घसरतात आणि माझ्या कड्यांत खडे अडकतात. शेड नाही. त्यामुळे साखळीवाले सामन्यानंतर तसेच कोंडलेले गाडीत बसतात आणि तसेच घरी जातात.

खेळाआधी लोक तिथल्या वाहनतळावर गाड्यांच्या मागे शेगड्या मांडतात, सॉसेज भाजतात आणि भांडतात. विषय तीन वर्षे एकच आहे.

"मागच्या खेपेला दोन तास मी पुढच्या माणसाची मान बघितली," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "खुर्चीचं तोंड भलतीकडे, आणि सामना माझ्या उजव्या कानामागे."

"मग कानानं बघायचा," त्यांची बायको म्हणाली. "निदान खुर्ची तरी मिळते. तिकडे गवतावर बसून तुमची विजार भिजायची, ती मी धुवायचे."

डेल्मारला एवढे पुरले. "आपल्याच घरच्या सामन्याला आपण पाहुणे झालोत. गुण मिळाल्यावर वाजवायची आपली घंटासुद्धा इथं वाजवू देत नाहीत. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणे."

"पाहुण्यांना स्वच्छ संडास मिळतो, डेल्मार," रोझॅन म्हणाली. "तुझ्या त्या पवित्र उतारावर बायकांनी काय करायचं?"

"उतारावर झाडं आहेत की."

"वाटलंच मला, तू झाडंच म्हणणार."

लोक हसले. पण रोझॅनचे खरे कारण संडास नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते. तिचा नवरा वेंडेल अर्धांगाच्या झटक्यानंतर चाकांच्या खुर्चीत आहे. उतारावर ती खुर्ची चढत नाही. इथे तिला सपाट जागा आहे, छप्पर आहे. नावाड्यांचे सामने त्याला पुन्हा बघायला मिळाले ते इथे आल्यावरच.

"अर्डिस, तू बोल काहीतरी," डेल्मार म्हणाला.

"मी साखळी धरते," अर्डिस म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. सामने कुठं व्हायचे ते ठरवणाऱ्या समितीत पाच जण. दोन मतं इकडे, दोन तिकडे, आणि पाचवी तू गप्प. बरोबरी झाली की चाललंय तेच पुढं चालू. तू गप्प बसून दर वर्षी बेसबॉललाच जिंकवतेस."

अर्डिसने बोटाला लागलेली मोहरी कागदाला पुसली आणि वेंडेलच्या खुर्चीकडे एकदा पाहिले. काठी धरली की तुम्ही कोणाचेच नाही, हे तिने वडिलांकडून ऐकले होते आणि समितीतही तेच पाळले होते.

यंदा त्या स्टेडियममध्ये एक नवी गोष्ट झाली. उजव्या कुंपणापाशी गाद्यांच्या महागड्या खुर्च्यांची एक रांग बसवली. त्यामुळे आमच्या मैदानाचे एक टोक आत सरकले. खेळाडू कशावर आपटू नयेत म्हणून तिथल्या रेषा मारणाऱ्यांनी दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडली, आणि मधे जे काही उरले त्याचे सारखे भाग करून रेषा ओढल्या. ती माणसे काही वाईट नाहीत. बेसबॉलच्या एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंतच्या अंतरात बोटभर चूक झाली असती तर त्यांना जेवण गेले नसते. पण आमच्या रेषा त्यांना रांगोळीसारख्या वाटल्या. चौकट भरली, छान दिसली, झाले.

हंगामातला घरचा पहिला सामना होता. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात अर्डिसच्या लक्षात आले की मागची काठी एका रेषेवर ठेवली तर पुढची काठी दहा यार्डांच्या रेषेवर येत नाही, तिच्या पुढे पडते. तिने कडेच्या पंचांना ते दाखवले. त्यांनी खांदे उडवले. "रंग चुकलाय त्यांचा. आपण साखळीवर चालू."

तो निर्णय बरोबरच होता. पण तो खुर्च्यांपर्यंत पोचला नाही.

शेवटच्या काही मिनिटांत नावाड्यांचा एक उंच मुलगा चौथ्या प्रयत्नात चेंडू छातीशी घेऊन पडला. चेंडू दहा यार्डांच्या पांढऱ्या रेषेच्या बोटभर पुढे होता. लोक उठून नाचू लागले. पंचांनी मला बोलावले. अर्डिसने चिमटा धरला, डेल्मार आणि रोझॅनने काठ्या उचलल्या, आणि मला आत नेऊन ताणले. माझी पुढची काठी चेंडूच्या पुढे उभी राहिली. दहा यार्ड झाले नव्हते. पंचांनी चेंडू समोरच्यांना दिला आणि नावाडी तो सामना हरले.

मित्रांनो, त्यानंतर मी जे ऐकले ते आयुष्यात कधी ऐकले नव्हते. साखळी सैल झाली आहे. साखळी भंगारात घाला. त्या म्हाताऱ्या बाईलाही तिच्याबरोबर घाला. एक कागदी पेला येऊन अर्डिसच्या जाकिटावर आदळला आणि आतले पेय माझ्या चकचकीत कड्यांवर सांडले. ही सगळी आमची माणसे होती. ज्यांच्या आजोबांनी माझ्यासाठी श्वास रोखून धरले होते, ती. एकाच्याही मनात आले नाही की जमिनीकडे बघावे.

स्टेडियम रिकामे झाल्यावर तिघांनी मला दोन रेषांच्या मधे धरले. तिथे मी ताठ व्हायला हवे होते. मी जमिनीवर लोळत होते. रोझॅनने गुडघे टेकले, माझे उरलेले टोक सरळ केले आणि त्याच्या शेजारी आपला पंजा ताणून ठेवला.

"वीतभर," ती म्हणाली. "दर दहा यार्डांना वीतभर आखूड."

"आता बोल, संडास किती स्वच्छ आहे," डेल्मार म्हणाला.

"गप बस रे," रोझॅन म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावभर सगळ्यांना कळले. निकाल काही बदलला नाही. कोणी अर्डिसची माफी मागितली, कोणी मागितली नाही. मला वाटले, आता तरी मैदान नीट करतील. पण कॉलेजच्या खेळखात्याचे प्रमुख गिल्क्राइस्ट औषधांच्या दुकानात आले ते खिशात तारेचे भेंडोळे घेऊन.

"मिस क्विलेन, खुर्च्या विकल्या गेल्यात," ते नम्रपणे म्हणाले. नम्रच माणूस आहे तो. "मैदान लांब होऊ शकत नाही. पण साखळी आखूड होऊ शकते. वीतभर कड्या दुमडायच्या, तार गुंडाळायची. कॅलोवेच्या सामन्यापुरतं. दोन्ही संघांना सारखंच माप, म्हणजे कोणावरच अन्याय नाही."

"आणि सामना घरी झाला तर?"

"ते समिती ठरवेल. पण मागच्या दोन वर्षांवरून अंदाज येतोच ना."

अर्डिसने तार ठेवून घेतली. "बघते," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीच सांगा. दोघांशी सारखेच खोटे बोलले की ते खरे होते का? माझ्या अंगात एकच गुण आहे. मी सुंदर नाही, मऊ नाही, कोणाच्या गळ्यात शोभत नाही. मी दहा यार्ड आहे. मला आखूड करून मग मी काय उरेन? खुर्चीवाल्यांना कोणी म्हटले नाही की वीतभर मागे सरका. रेषा मारणाऱ्यांना कोणी म्हटले नाही. जिला तोंड नाही तिलाच दुमडायला निघाले. तुमच्या घरात एखादी जुनी फूटपट्टी असेल, तराजू असेल, आजोबांचे घड्याळ असेल. तिचे आणि तुमचे जमले नाही, तर लगेच तिला कापायला, वाकवायला धावू नका. तिला पुसा, तेल द्या, आणि एकदा स्वतःच्या पायाखाली बघा. माझी एवढीच मागणी आहे.

ते काही दिवस मी दुकानात मागच्या खुंटीवर होते. अर्डिसने मला कोमट पाण्याने धुतले, कड्यांतले लाल खडे टाचणीने काढले, तेलाचा बोळा फिरवला. तारेला तिने हात लावला नाही, पण ती फेकूनही दिली नाही. ती माझ्याच खुंटीला लटकत होती. येणारे गिऱ्हाईक मला बघायचे आणि तिला छेडायचे.

"अर्डिस, खोकल्याचं औषध दे, आणि जमलं तर मतही दे."

"औषध देते," ती म्हणायची.

कॅलोवेचा सामना कुठे व्हायचा ते ठरवायला समिती गुरुवारी सकाळी खानावळीच्या मागच्या खोलीत बसली. नाश्त्याला धिरड्यांचे ढीग आणि मेपलचा पाक होता, पण फारसे कोणी खात नव्हते. दारात आणि खिडक्यांपाशी निम्मे गाव उभे होते. डेल्मार टपालाची पिशवी खांद्याला लावूनच आला होता. मी अर्डिसच्या पायाशी पिशवीत होते.

एक सभासद म्हणाले, शहरात गर्दी जास्त येते, बाहेरगावी गेलेली मुले येतात, पाऊस आला तरी खेळ बघता येतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, गर्दी येते पण तिला खेळ दिसत नाही, आणि आता तर मैदानही पुरे नाही. तिसरे म्हणाले, उतारावर बसायला काय हरकत आहे, आमचे बापजादे बसले. गिल्क्राइस्ट म्हणाले, बापजाद्यांना गुडघे होते. दोन मते इकडे पडली, दोन तिकडे.

अर्डिस दाराकडे बघत होती. तिथे रोझॅन उभी होती.

"माझ्याकडे नको बघूस," रोझॅन म्हणाली. ती समितीत नव्हती, पण तिला कोणी अडवले नाही. "तू तीन वर्षं का गप्प आहेस, मला कळत नाही असं वाटतं तुला? काल मी वेंडेलला विचारलं. तो म्हणाला, माझ्या खुर्चीसाठी थर्मनच्या साखळीला तार बांधली असं कोणी म्हणालं, तर मी यापुढं घरी बसून पत्ते खेळेन."

"पत्ते कशाला?" डेल्मार म्हणाला. "शेडला स्टँडच्या फळ्या टेकून ठेवल्यात. कुजक्या बाजूला काढू, चांगल्या उतारावर टाकून रस्ता करू. खुर्ची मी ढकलतो."

"तू? पत्रांची पिशवी उचलताना तुझी कंबर धरते."

"बरं, तू ढकल. मी मागून जोर द्यायला ओरडतो."

"जाकीट घातल्यावर तुला ओरडता येत नाही, डेल्मार."

"तर मग वेंडेललाच ओरडू दे," डेल्मार म्हणाला. "त्यानं कुठं जाकीट घातलंय."

खोलीत हसू पसरले. गिल्क्राइस्टही हसले. मग त्यांनी पेन उचलले. "मिस क्विलेन, तुमचं मत नाही, असंच लिहू ना, नेहमीप्रमाणे?"

अर्डिस खाली वाकली. तिने पिशवी उघडली आणि मला टेबलावर ठेवले. मी सगळी मावले नाही. माझे काळपट टोक कडेवरून घसरले आणि फरशीवर खळखळत गेले. बोलणारे थांबले. तिने खिशातून ते तारेचे भेंडोळे काढले आणि गिल्क्राइस्टच्या बशीशेजारी ठेवले. त्याला एकही पीळ पडलेला नव्हता. मग तिचा अंगठा माझ्या कड्यांवरून पुढे गेला, चकचकीत भाग संपतो तिथपर्यंत, आणि थांबला. खिडकीबाहेरची माणसेही गप्प झाली होती. किती दिवसांनी ऐकली मी ती शांतता.

"आज मी जाकीट घातलेलं नाही, गिल्क्राइस्ट," अर्डिस म्हणाली. "माझं मत आहे. कॅलोवेचा सामना घरी होईल."